‘स्टेंच’ कधीकाळी सुगंधही होता का?

सायली_वाचते

नमस्कार मंडळी. एक शब्द काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

मी सध्या जुनी इंग्रजी शिकतेय, म्हणजे नॉर्मन लोक येण्याआधी इंग्लंडात जी बोलली जायची ती. पहिल्यांदा पाहिली तर इंग्रजी वाटतही नाही. अभ्यासाला ‘फिनिक्स’ नावाची एक कविता लावलीय. ती ‘एक्सेटर बुक’ या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे आणि ते हस्तलिखित आजही एक्सेटरच्या कॅथीड्रलकडे आहे. कवितेच्या सुरुवातीला दूर पूर्वेकडच्या एका भूमीचं वर्णन येतं. पाप्यांना तिथे प्रवेश नाही. तिथे बर्फ पडत नाही, ऊन भाजत नाही, पानं गळत नाहीत. थोडक्यात स्वर्गच. आणि आठव्या ओळीत कवी म्हणतो, ही भूमी आनंदाने भरली आहे, ‘मिद थाम फॅयरेस्तुम फोल्दन स्टेन्चुम’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘धरतीच्या सर्वांत सुंदर स्टेंचांनी’!

आजच्या इंग्रजीत स्टेंच म्हणजे नाकाला रुमाल लावायला लावणारी दुर्गंधी. आमच्या शिक्षकांनी ‘इथे सुगंध असा अर्थ घ्या’ असं सांगितलं आणि तासिका पुढे गेली. मला मात्र पुढे जाता येईना. हा खरंच तोच शब्द आहे, की दिसायला सारखा असलेला दुसरा? तोच असेल तर स्वर्गातला शब्द गटारात कसा पोचला? आणि स्टिंक आणि स्टेंच यांचं नातं काय? एकाच्या शेवटी ‘क’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘च’ का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, मला घाई नाही.


उंबरठा

शब्द तोच आहे. आणि कारण १०६६. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि चांगल्या गोष्टींची नावं फ्रेंच झाली. गोठ्यातलं जनावर इंग्रजी (काऊ), ताटातलं मांस फ्रेंच (बीफ), हे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. वासाचंही तेच झालं. ओडर, सेव्हर, सेंट, पर्फ्यूम, सगळे शब्द फ्रेंचमधून आले आणि त्यांनी वरच्या खुर्च्या पकडल्या. बिचाऱ्या स्टिंक आणि स्टेंचच्या वाट्याला उकिरडा आला. जेत्यांची भाषा सुगंधी आणि हरलेल्यांची दुर्गंधी, इतकं सरळ आहे.


जुनं_पान

सायलीताई, प्रश्न फार आवडला. मी एका शब्दकोशासाठी नोंदी तपासण्याचं काम करते. ‘कालांतराने अर्थाची अवनती झाली’ एवढंच लिहून मोकळ्या होणाऱ्या नोंदी मला नेहमी अपुऱ्या वाटतात. अवनती झाली हे दिसतंच आहे, ती कोणत्या वाटेने झाली ते सांगायला हवं. त्यामुळे जरा लांब लिहिते.

तुमच्या शिक्षकांनी दिलेला अर्थ बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापद होतं ‘स्टिन्कान’, म्हणजे वास सुटणं, मग तो कसलाही असो. नाम होतं ‘स्टेन्च’, म्हणजे वास. बॉसवर्थ आणि टॉलर यांचा जुन्या इंग्रजीचा कोश उघडून पाहा, सुवासाची आणि दुर्गंधीची उदाहरणं एकाच शब्दाखाली नांदताना दिसतील. ‘क’ आणि ‘च’चं कोडंही सुटण्यासारखं आहे. नामाच्या शेवटी फार पूर्वी एक ‘इ’चा आवाज होता. त्याने आधीच्या ‘आ’ला ओढून ‘ए’ केलं, शेजारच्या ‘क’ला मऊ करून ‘च’ केलं आणि मग तो स्वतः गळून गेला. ड्रिंक आणि ड्रेंच ही जोडी अशाच प्रक्रियेतून आली आहे. स्टिंक, स्टेंच शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणा, ड्रिंक, ड्रेंच म्हणा, लगेच कानाला पटेल.

आता खरी गंमत. तुमची फिनिक्सची ओळ ज्या काळात उतरवली गेली, साधारण त्याच काळात बायबलच्या चार शुभवर्तमानांचं जुन्या इंग्रजीत भाषांतर झालं. त्यात योहानाच्या अकराव्या अध्यायात लाझरसची गोष्ट आहे. त्याला मरून चार दिवस झालेत, येशू कबरीवरची धोंड बाजूला करायला सांगतो आणि मृताची बहीण मार्था म्हणते, ‘नू हे स्टिन्कथ’, म्हणजे प्रभो, आता त्याला वास येत असेल. पुढे १६११ च्या बायबलमध्येही तिथे ‘स्टिंकेथ’ असाच शब्द राहिला. म्हणजे दहाव्या शतकातल्या इंग्रजांना स्वर्गातल्या फुलांसाठी आणि चार दिवसांच्या प्रेतासाठी एकच शब्द चालत होता.

पण दोन्ही वाक्यं नीट पाहा. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. स्वर्गाच्या ओळीत ‘स्टेन्चुम’च्या मागे ‘सर्वांत सुंदर’ असं विशेषण उभं आहे. याच कवितेत पुढे फिनिक्स पक्षी झाडाच्या शेंड्यावर स्वतःचं घरटं बांधतो आणि सुगंधी वनस्पतींनी स्वतःला वेढून घेतो. तिथेही हा शब्द आहे, आणि तिथेही एकटा नाही, ‘हाल्गुम स्टेन्चुम’ आहे, म्हणजे पवित्र गंधांनी. मार्थाच्या वाक्यात असा कोणी सोबती नाही. ‘आता त्याला वास येतो’, बस्स. चांगला की वाईट, हे तिला सांगावं लागत नाही.

माझ्या वाचनात हे पुनःपुन्हा आलं आहे. सुवास सांगायचा असेल तर शब्दाला गोड, रम्य, उदात्त अशा कुणाचा तरी हात धरावा लागतो. दुर्गंधीसाठी तो एकटा पुरतो. मला वाटतं घसरण इथेच सुरू झाली होती, नॉर्मनांची जहाजं समुद्रात उतरण्याच्याही आधी.

असं का होतं याचा विचार करताना दूर जायला नको. माणूस वासाबद्दल मुद्दाम बोलतो कधी? काहीतरी बिघडल्यावर. चांगला वास आला तर आपण त्याचं मूळ सांगतो: मोगरा फुलला वाटतं, पाऊस जवळ आलाय. वाईट वासाचं मूळ मात्र पुष्कळदा सापडलेलंच नसतं, म्हणून मग नुसतं ‘वास येतोय’. या वाक्यातला वास चांगला आहे असं कुठल्याही मराठी माणसाला वाटणार नाही, खरं तर ‘वास’ शब्दात वाईट काही नाही, सुवासातही तोच आहे. आणि ‘घाण’? कोशकार तिचा संबंध संस्कृतातल्या ‘घ्राण’शी जोडतात. घ्राण म्हणजे हुंगणं, नाक. घ्राणेंद्रिय अजून अब्रू राखून आहे, घाण मात्र पार रस्त्यावर आली. मराठीवर काही नॉर्मनांनी स्वारी केली नव्हती.

तेव्हा उंबरठा, तुमच्याशी मी सहमत नाही. मराठी बाजूला ठेवा, इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींकडे पाहा. जुन्या जर्मनमध्ये ‘स्टिन्कान’ असाच दोन्हीकडे चालत होता. गोड वासालाही तो वापरत. आजच्या जर्मनमध्ये ‘श्टिंकन’ म्हणजे फक्त घाण मारणं. डचमध्येही तसंच. १०६६ साली नॉर्मन जर्मनीत उतरले नव्हते, हॉलंडमध्येही नाहीत. तीन भाषांत एकच शब्द एकाच दिशेने घसरला असेल, तर एका देशाच्या इतिहासातल्या एका लढाईवर त्याचं खापर कसं फोडता येईल?

काळाचा अंदाज हवा असेल तर तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीत वाईट अर्थाचं पारडं स्पष्ट जड झालेलं होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर हा इंग्रज कवी किमयागारांचं वर्णन करतो, गंधकाशी खेळून खेळून ते बोकडासारखे ‘स्टिंक’ करतात म्हणतो. त्याच्या पुढच्याच ओळीत त्यांच्या वासाला तो ‘सेव्हर’ म्हणतो. इथे सेव्हर तटस्थ आहे आणि शिवी स्टिंककडे गेली आहे. म्हणजे तोवर कामाची वाटणी पुरी झाली होती.


रसायन_तास

वा, जुनं_पान. मी भाषेतला नाही, रसायनशास्त्र शिकवतो. पण तुमचा ‘एकटा शब्द’ हा मुद्दा वाचून मला आमच्या आवर्तसारणीतली नावं आठवली.

वासावरून नाव पडलेले पदार्थ आमच्याकडे तीन महत्त्वाचे. ऑस्मियम हे नाव स्मिथसन टेनंटने ठेवलं, ग्रीक ‘ऑस्मे’ म्हणजे वास, यावरून. त्या धातूचं एक ऑक्साइड सहज उडतं आणि नाकात जबरदस्त झोंबतं. (ते विषारी आहे, कुणी हुंगायला जाऊ नये!) ओझोनचं नाव शोनबाइनने १८४० मध्ये ‘ओझेइन’ म्हणजे वास येणं या ग्रीक क्रियापदावरून ठेवलं. वीज कडाडल्यावर किंवा विजेच्या यंत्राजवळ येणारा तो तीक्ष्ण वास. ही दोन्ही नावं तटस्थ आहेत.

तिसरं ब्रोमिन, आणि तिथे मात्र सरळ शिवी आहे. आंत्वान बालारला १८२६ मध्ये समुद्राच्या पाण्याच्या अर्कात ते सापडलं. त्याने स्वतः ‘म्युरिड’ असं नाव सुचवलं होतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या मंडळींनी ते बदलून ग्रीक ‘ब्रोमोस’वरून नाव दिलं. ब्रोमोस म्हणजे दुर्गंधी. ब्रोमिनच्या तांबूस वाफेचा वास एकदा आला की ते नाव अन्यायाचं वाटत नाही.

आणखी एक. ब्रिटिश शाळांतली मुलं रसायनशास्त्राच्या विषयालाच ‘स्टिंक्स’ म्हणायची. गंधकाची संयुगं, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास, प्रयोगशाळा म्हणजे तेच त्यांच्यासाठी. मला हे टोपणनाव आवडतं, कारण त्यात तक्रारीपेक्षा उत्साह जास्त आहे.

माझा प्रश्न असा: ग्रीकांना तटस्थ ‘ऑस्मे’ टिकवता आला, मग इंग्रजांना स्टेंच का टिकवता आला नाही?


उंबरठा

जुनं_पान, जर्मन आणि डचचा मुद्दा मान्य, तो मी विचारात घेतला नव्हता. पण एवढ्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही. आज इंग्रजीत सुवासाचे जे शब्द आहेत, पर्फ्यूम, सेंट, फ्रेग्रन्स, अरोमा, त्यातला एकही अस्सल इंग्रजी नाही. आणि दुर्गंधीचे स्टिंक, स्टेंच, रीक, सगळे अस्सल इंग्रजी. ही इतकी स्वच्छ विभागणी आपोआप झाली? शिवाय स्मेल हा इंग्रजी शब्द तटस्थ राहिलाच ना. तुमच्या नियमाने तोही घसरायला हवा होता.


जुनं_पान

दोघांनाही एकत्र उत्तर देते, कारण दोन्ही प्रश्न एकाच गाठीत अडकले आहेत.

उंबरठा, विभागणी दिसते हे खरं, आणि रिकाम्या झालेल्या जागा फ्रेंच शब्दांनी भरल्या हेही खरं. मी फक्त एवढंच म्हणते की जागा आधी रिकामी होऊ लागली, पाहुणे नंतर बसले. पाहुण्यांनी हाकललं म्हणून स्टेंच घसरला असता, तर पाहुणे स्वतः सुरक्षित राहायला हवे होते. तसं झालं नाही. ‘ओडर’चंच पाहा. चौदाव्या शतकाच्या सुमाराला तो इंग्रजीत आला तेव्हा छान गोरागोमटा होता. संतांच्या देहाला मृत्यूनंतरही सुगंध येतो, ही ख्रिस्ती जगातली जुनी समजूत, आणि इंग्रजीत तिला ‘ओडर ऑफ सँक्टिटी’ म्हणतात. आज ‘बॉडी ओडर’ म्हणा आणि पाहा कोणता वास डोळ्यांसमोर, म्हणजे नाकासमोर, येतो. ‘ओडर कंट्रोल’ लिहिलेलं काही दिसलं, तर तिथे गुलाब आवरायचे आहेत असं कुणाला वाटत नाही. लॅटिन कुळ, फ्रेंच दरबार, सगळं पाठीशी असूनही शब्द घसरलाच.

रीकचं उदाहरण तर तुमच्या बाजूचं अजिबात नाही. तो मुळात वासाचा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘रेक’ म्हणजे धूर. स्कॉटलंडमध्ये अजून तोच अर्थ आहे. एडिंबराला ‘ऑल्ड रीकी’ म्हणतात, म्हणजे धुरकट म्हातारी, ते चुलींच्या आणि धुराड्यांच्या धुरामुळे. तुमच्या धुराड्यातून सदैव धूर निघो, हा तिथला आशीर्वाद आहे, आणि त्यातलं क्रियापद ‘रीक’च. जर्मनमध्ये याच कुळातल्या ‘रीखेन’चा अर्थ आधी धूर किंवा वाफ सुटणं असा होता, आज तो वास घेणं, वास येणं, अगदी तटस्थ. मूळ एकच, पण जर्मनने त्याला तटस्थ जागेवर बसवलं आणि इंग्रजीने बऱ्याच काळानंतर त्याला घाणीत ढकललं. यात जेता कोण आणि जित कोण?

आता स्मेल. तो जुन्या इंग्रजीच्या ग्रंथांत सापडतच नाही, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकदम दिसू लागतो. नेमकी हीच वेळ आहे स्टेंच एका बाजूला कलण्याची. तटस्थ जागेवर कुणीतरी हवंच होतं, तो येऊन बसला. पण तो तिथे सुखाने राहिला आहे का? ‘स्मेली’ हे विशेषण घ्या, त्याला चांगला अर्थ उरलेलाच नाही. ‘इट स्मेल्स ऑफ रोझेस’ ठीक आहे, पण ‘ऑफ रोझेस’ काढून टाका. नुसतं ‘इट स्मेल्स’ राहिलं की मार्थाचं वाक्य परत आलं.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मला एडविन चॅडविकमध्ये दिसतो. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटनमधला सार्वजनिक आरोग्याचा मोठा सुधारक. दूषित हवेतून, म्हणजे ‘मायाझ्मा’तून रोग होतात, असं तेव्हा मानत. १८४६ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना तो म्हणाला, ‘ऑल स्मेल इज डिझीझ’, सगळा वास म्हणजे रोग. त्याला गुलाब किंवा चंदन अभिप्रेत नव्हतं हे उघड आहे. पण त्याला ‘बॅड’ हा शब्द जोडावासा वाटला नाही आणि ऐकणाऱ्यांचाही गोंधळ झाला नाही. एकट्या स्मेलचं वजन तेव्हाच वाईटाकडे झुकलं होतं. बारा वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी सांडपाण्याने इतकी सडली की नदीकाठच्या संसद भवनात बसणं अशक्य झालं. पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात, भिजवून टांगले तरी भागेना. मग घाईघाईने कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेटची प्रचंड भुयारी गटारं उभी राहिली. त्या उन्हाळ्याचं नाव इतिहासात ‘द ग्रेट स्टिंक’ असं पडलं. ओडर किंवा स्मेल तिथे पुरा पडला नसता.

रसायन_तास, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. ग्रीकांकडे चांगल्या-वाईटासाठी शब्दाच्या पुढे लावायचे उपसर्ग तयार होते, ‘इयु’ आणि ‘डिस’. आपल्याकडे ‘सु’ आणि ‘दुर्’ आहेत ना, अगदी तसेच, नातंही एकाच कुळातलं. सुगंध आणि दुर्गंध अशी सोय असल्यावर मधल्या ‘गंध’ला कुठे झुकायची गरज पडत नाही, गंध आपल्याकडेही तटस्थ राहिला आहे. जुन्या इंग्रजीने असं चांगल्या-वाईटाचं ओझं उपसर्गावर टाकलं नाही, ते मूळ शब्दावरच येऊन पडलं. हे मी सिद्ध केलेलं नाही, माझं मत म्हणून सांगते, पण त्यावर माझा भरवसा आहे.

एक राहिलं, ते खास तुमच्यासाठी, सायलीताई. वासासाठी जुन्या इंग्रजीत आणखी एक शब्द होता, ‘ब्रॅथ’. वास, वाफ, उच्छ्वासासारखं बाहेर येणारं काहीही. श्वासासाठी तेव्हा वेगळाच शब्द होता, आजच्या जर्मन ‘आटेम’चा भाऊ. तो मेला आणि ब्रॅथने त्याची जागा घेतली. तो म्हणजे आजचा ‘ब्रेथ’! एकाच घरातला एक शब्द गटारात गेला आणि एक माणसाच्या छातीत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून बराच वेळ तेच वाचत बसले होते.


माळावरचा

वाचनखूण साठवली. एक छोटी भर. लंडनमध्ये जुन्या न्यूगेट या वेशीजवळ खाटकांची वस्ती होती, आणि तिथल्या एका गल्लीचं नावच ‘स्टिंकिंग लेन’ होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्टो याने लंडनची पाहणी लिहिली, तीत हे नाव आहे. आज त्या जागी किंग एडवर्ड स्ट्रीट आहे.

आणि ‘नॉइसम’, म्हणजे दुर्गंधीयुक्त, या शब्दाबद्दलही कुणी लिहा. मी कितीतरी काळ त्याचा संबंध ‘नॉइज’शी लावत होतो.


जुनं_पान

माळावरचा, स्टिंकिंग लेनसाठी धन्यवाद, ती माझ्या टिपणात जाणार.

नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही. ‘अनॉय’ शब्दाचं पहिलं अक्षर गळून ‘नॉय’ उरला, म्हणजे त्रास, आणि त्याला ‘सम’ लागला. मूळ अर्थ उपद्रवी, घातक. १६११ च्या बायबलमध्ये ९१ व्या स्तोत्रात ‘नॉइसम पेस्टिलन्स’ आहे, तिथे ती घातक महामारी आहे, वास मारणारी नव्हे. दुर्गंधीने रोग होतो असं मानणाऱ्या काळात ‘घातक’ आणि ‘दुर्गंधी’ यांच्यातलं अंतर फारसं नव्हतं, त्यामुळे तो वासाकडे सरकला यात नवल नाही.


सायली_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं_पान, ब्रॅथ वाचून मी खुर्चीतून उठलेच.

एक शेवटचं. एक्सेटर बुकातल्याच एका कोड्यात, आमच्या प्रतीत ते २९ वं आहे, चंद्र आणि सूर्याचं, ‘दुस्त स्टोन्क तो हेओफोनुम’ अशी ओळ आली. स्टोन्क हा स्टिन्कानचाच भूतकाळ दिसतोय. पण ‘धुळीला आकाशापर्यंत वास आला’ याला काही अर्थ लागत नाही. आणि फिनिक्सच्या त्या ओळीचं मला मराठीत भाषांतर करायचं आहे. तुम्ही कोणता शब्द घ्याल?


जुनं_पान

तिथे वास नाहीच. ‘धूळ आकाशाकडे उसळली, दव धरतीवर पडलं, रात्र निघून गेली’, असा तो क्रम आहे. वर उठणं, उसळणं हा अर्थही या रूपाला होता. धूळ उठते, वाफ उठते, वास उठतो, हे सगळं एकाच क्रियापदात मावत असेल असं मानायला मला आवडतं. मात्र सगळे अभ्यासक असं मानत नाहीत. काहींच्या मते ‘उसळणं’ हे दिसायला सारखं झालेलं निराळंच क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीतल्या बेवुल्फ या महाकाव्याच्या २२८८ व्या ओळीत हीच अडचण येते. झोपेतून उठलेला ड्रॅगन ‘स्टोन्क था आफ्टर स्टाने’, खडकाच्या कडेने काहीतरी करतो आणि खजिन्यातून चोरी करून गेलेल्या शत्रूच्या पाऊलखुणा त्याला सापडतात. काही जण म्हणतात तो हुंगत गेला, काही म्हणतात तो झपाट्याने गेला. दोन्ही अर्थ ओळीत बसतात. मला हुंगणारा ड्रॅगन जास्त पटतो, कारण चोर त्याच्या नजरेसमोर नसतो, त्याला माग काढायचा असतो.

भाषांतराचं म्हणाल तर ‘सुगंध’ घेऊ नका, ‘परिमळ’ही नको. दोन्ही सुरेख शब्द आहेत, पण ते चांगुलपणा आधीच सांगून टाकतात आणि मग कवीचं ‘सर्वांत सुंदर’ हे विशेषण रिकामं पडतं. नुसता ‘गंध’ घ्या: ‘धरतीच्या सर्वांत सुंदर गंधांनी’. अनेकवचन कानाला किंचित खटकेल, तरी राहू द्या, मुळातही ते अनेकवचनच आहे.